सोसायटीच्या सभेत सोलरचा ठराव मांडण्याआधी: सभासद ओळखण्याची रीत, टप्प्याटप्प्याने

सोलरचे ठराव बहुतेक सोसायट्यांमध्ये एकाच पद्धतीने पडतात. सेक्रेटरी दोन-तीन कोटेशनं आणतो. सभेत विक्रेत्याचा माणूस प्रोजेक्टर लावतो आणि पंचवीस वर्षांची बचत दाखवतो. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतं, "गळतीचं काय?" पुढचा पाऊण तास सभा गळतीवर, तिथून जुन्या प्लंबरवर, तिथून लिफ्टच्या कंत्राटावर घसरते. शेवटी अध्यक्ष म्हणतात, "पुढच्या सभेत घेऊ." ती पुढची सभा वर्षभराने येते.

यात हिशेब सहसा चुकलेला नसतो. चाळीस घरांना चाळीस वेगवेगळ्या काळज्या आहेत, आणि त्यातली एकही कमिटीला आधी माहीत नसते, इथे घोडं अडतं. म्हणून खालच्या क्रमात कोटेशन आणि भाषण उशिरा येतात, माणसं आधी. क्रम उलटा केलात तर बाकी सगळं नीट करूनही फार उपयोग होत नाही.

हा लेख सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या सामाईक मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या बिलासाठी, सोलर बसवू पाहणाऱ्यांसाठी आहे.

१. आधी प्रस्तावाचीच परीक्षा घ्या

लोकांना पटवायला निघण्यापूर्वी गोष्ट पटण्यासारखी आहे का, ते पाहा. यासाठी चार कागद लागतात.

सामाईक मीटरची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. एकाच महिन्याचं बिल फसवं असतं, कारण उन्हाळ्यात टँकरचं पाणी चढवायला पंप जास्त चालतो. बिलावरचे युनिट, स्थिर आकार आणि मंजूर भार हे तिन्ही आकडे वेगळे लिहून घ्या. नेट मीटरिंगमध्ये (जादा सोलर वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या पद्धतीत) सोलरची क्षमता मंजूर भाराच्या पुढे जात नाही. आणि पॅनल कितीही लावले तरी स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी रक्कम, जात नाही. "बिल शून्य होणार" हे वाक्य इथेच वहीतून खोडून टाका.

दुसरा कागद गच्चीचा. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा धरा. टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारी उभा राहिलेला टॉवर यांची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला कुठे पडते, ते खडूने आखा. शक्यतो डिसेंबर-जानेवारीत आखा, तेव्हा सावल्या सगळ्यात लांब असतात.

तिसरा, शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) अहवाल. आदर्श उपविधींनुसार (सरकारने सोसायट्यांना घालून दिलेल्या नमुना नियमांनुसार) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीला दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं असतं. तो अहवाल नसेल तर सभेत पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि तो रास्त असेल.

चौथा कागद नसतो, पण प्रश्न असतो: रिडेव्हलपमेंट कधी? बिल्डरशी बोलणी चालू असतील आणि दोन-तीन वर्षांत इमारत खाली होण्याची शक्यता असेल, तर हा विषय आणूच नका. पैसे वसूल व्हायच्या आत पॅनल उतरवावे लागतील.

*तपासा:* वीज गेल्यावर सोलर चालेल का, याचं उत्तर तुम्हाला स्वतःला येतं का? साधी, बॅटरी नसलेली ग्रिडला जोडलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. लोड शेडिंगमध्ये लिफ्ट चालेल असं कुणाला सांगून बसला असाल, तर आजच दुरुस्त करा.

२. सभासदांची वही तयार करा

कमिटीला वाटतं, आपण सगळ्यांना ओळखतो. प्रत्यक्षात तिला ओळखीचे असतात ते सभेत बोलणारे सात-आठ जण आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकराला लिहिणारे दोघे. मत मात्र प्रत्येक सभासदाला एकच आहे, मग फ्लॅट वन आरके असो की थ्री बीएचके.

एक साधी वही घ्या. प्रत्येक फ्लॅटला एक ओळ. रकाने असे: मजला आणि विंग, स्वतः राहतात की भाड्याने दिलाय, घरात कोण कोण आहे, मिळकत पगाराची की पेन्शनची की धंद्याची, मागच्या तीन सभांपैकी किती सभांना आले, गच्चीचा वापर करतात का, कमिटीशी जुना वाद आहे का. शेवटचा रकाना मोकळा ठेवा: "ते काय म्हणाले". तो तिसऱ्या टप्प्यात भरायचा आहे. आपल्याला वाटतं ते तिथे लिहायचं नाही.

(ही वही ग्रुपवर टाकायची नाही, कमिटीच्या फाइलीतही ठेवायची नाही. दोघांपलीकडे ती कुणी पाहू नये आणि काम झाल्यावर ती फाडावी. "कमिटीशी वाद: हो" हे आपल्या नावापुढे वाचून कुणाचंही मत तुमच्या बाजूला येणार नाही.)

वही भरली की गट आपोआप दिसू लागतात. जात, भाषा, वय अशा वरवरच्या खुणांवरून गट पाडण्यात अर्थ नाही. सोलरच्या बाबतीत खरा फरक पडतो तो कोण कुठे राहतं आणि कुणाचं काय पणाला लागलंय यावरून.

वरच्या मजल्यावरची घरं. यांच्या डोक्यावर काम होणार आहे. बचत सगळ्यांना सारखी, गळतीचा धोका फक्त यांना. संख्या थोडी असते, पण सभेत यांचा शब्द जड असतो, कारण "तुमच्या छतातून पाणी आलं तर कळेल" याला कुणाकडे उत्तर नसतं.

तळमजला आणि दुकानं. "आम्ही लिफ्ट वापरत नाही, तिच्या विजेचे पैसे आम्ही का द्यायचे?" हे दुखणं आधीचंच असतं. उपविधींनुसार सामाईक विजेचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि सगळ्यांत समान वाटला जातो. म्हणून बचतही त्यांना समान मिळते. हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पेन्शनवर जगणारे. पंचवीस वर्षांची बचत दाखवणारा तक्ता त्र्याहत्तर वर्षांच्या माणसासमोर धरणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. त्यांचा प्रश्न या तिमाहीत किती भरायचे हा असतो, आणि तो ते चारचौघांत विचारत नाहीत.

फ्लॅट भाड्याने देऊन बाहेर राहणारे. सभेला येत नाहीत. भाडेकरूला मत नाही. यांचा विरोध नसतो, पण वर्गणी भरायच्या वेळी "मला कुणी विचारलं?" असा मेल येतो आणि वसुली अडते.

गच्ची वापरणारे. वाळवणं, कपडे, संध्याकाळचं फिरणं, मुलांचं क्रिकेट, कोजागरीचं दूध. हा गट कागदावर दिसतच नाही. यातल्या बऱ्याच जणी सभेला येत नाहीत, पण सभेला जाणाऱ्याला घरातून निघताना काय सांगायचं ते त्याच सांगतात.

आणि जुन्या कमिटीतली माणसं. त्यांच्या काळात हा विषय एकदा येऊन गेलेला असू शकतो. तो का बारगळला, हे त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. घरी जाऊन ऐका, विकू नका

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो आणि लोक हाच गाळतात. त्याऐवजी गूगल फॉर्म पाठवतात. फॉर्मवर "सोलरला पाठिंबा आहे का?" याला बहुतेक लोक "हो" म्हणतात, कारण सोलर चांगलं असतं हे सगळ्यांना माहीत आहे. मग सभेत तेच लोक गप्प बसतात.

सगळ्या घरी जाणं जमणार नसेल तर वरचा मजला, तळमजला आणि प्रत्येक विंगेतली दोन-तीन शांत घरं एवढं तरी कराच. रविवारी अकरा ते साडेबारा ही वेळ बरी. संध्याकाळी सात ते नऊ टाळा, त्या वेळी मुलांचा अभ्यास, स्वयंपाक आणि टीव्ही सगळं एकदम चालू असतं. दोघांनी जावं: एक कमिटीतला, एक त्याच विंगेतला शेजारी. लॅपटॉप नको, कोटेशन नको. कोटेशन नेलंत की समोरचा त्यातल्या आकड्यावर बोलतो, स्वतःबद्दल बोलत नाही.

विचारायचे प्रश्न असे:

- गच्चीवर काही काम झालं की तुम्हाला काय त्रास होतो?
- मेंटेनन्सच्या बिलात कुठली रक्कम डोळ्यावर येते?
- गेल्या काही वर्षांत सोसायटीने केलेला कुठला खर्च तुम्हाला पटला नाही?
- सोलर बसवलं तर सगळ्यात आधी काय बिघडेल असं वाटतं?

चौथा प्रश्न विचारून गप्प बसा. खरोखर गप्प. लगेच खुलासा करायला तोंड उघडलंत तर भेट संपली असं समजा.

वरच्या मजल्यावरचा एक संवाद नमुन्यादाखल देतो. असे संवाद थोड्याफार फरकाने सगळीकडे ऐकू येतात:

"काकू, सोलरला तुमचा विरोध आहे असं ऐकलं."
"विरोध कशाला असेल रे? ऊन काय माझ्या एकटीचं आहे? पण तो केबलवाला आला होता ना, त्याने कठड्याला भोक पाडलं. हे बघ." (बेडरूमच्या कोपऱ्यात पिवळट डाग, रंगाचे पापुद्रे.) "दोन अर्ज दिले. एकाचंही उत्तर नाही. आता तुम्ही वर लोखंड ठोकणार आणि पुन्हा मी अर्ज लिहीत बसू?"

वहीत काय लिहायचं? "गळतीची भीती" एवढं लिहिलंत तर निम्मं हातातून गेलं. लिहायचं असं: "कठड्याचं भोक. दोन अर्ज, उत्तर नाही. पुन्हा अर्ज लिहीत बसू का?" त्यांचे शब्द, जसेच्या तसे. पॅनलखाली पाणी झिरपेल की नाही हा तांत्रिक मुद्दा आहे, आणि त्याला उत्तर आहे: स्लॅबमध्ये खिळे न मारता सिमेंटच्या वजनदार ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो. पण काकूंचा सवाल झिरपल्यावर कमिटी उत्तर देईल का, हा आहे. त्याला इंजिनिअरचं उत्तर चालत नाही.

*नेहमीची चूक:* भेटीच्या शेवटी "मग तुमचं मत आमच्या बाजूने धरू ना?" असं विचारणं. माणूस संकोचाने हो म्हणतो आणि सभेच्या दिवशी गावाला जातो.

४. सांगितलेलं कारण आणि आतलं कारण वेगळं करा

भेटी झाल्यावर दोघांनी बसून वही वाचावी. प्रत्येक आक्षेपापुढे एक प्रश्न लिहा: हे उद्या सुटलं तर हा माणूस हात वर करेल का? उत्तर "नाही" असेल तर आतलं कारण दुसरंच आहे.

"पैसे नाहीत" असं दोन गाड्या असलेला म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा "तुमच्या हिशेबावर माझा भरवसा नाही" असा असतो. पेन्शनवाला तेच वाक्य म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ अगदी शब्दशः तोच असतो. वाक्य एक, माणसं दोन. दोघांना एकच उत्तर दिलंत तर दोघेही हातचे गेले.

"घाई कशाला?" म्हणजे मला आधी विचारलं नाही. "शेजारच्या सोसायटीचं बघू मग ठरवू" म्हणजे उद्या फसलं तर माझ्यावर येऊ नये. "टेक्नॉलॉजी अजून सुधारेल" हे बहुतेक वेळा वादात न पडण्याचं सभ्य निमित्त असतं, क्वचित खरंही असतं. "विक्रेता कुणाच्या ओळखीचा?" हा प्रश्न मात्र जसा आहे तसाच घ्या. त्यामागे दुसरं काही शोधू नका, कारण सोसायट्यांमध्ये हे खरंच घडतं. उत्तर कागदावर द्या: किमान तीन कोटेशनं, एकाच नमुन्यात, आणि कमिटीतल्या कुणाचं विक्रेत्याशी नातं नाही असं लेखी.

इथे एक सावधगिरी हवी. आतलं कारण शोधण्याची एकदा सवय लागली की प्रत्येक आक्षेप खोटा वाटू लागतो. सावलीबद्दल बोलणारा कधीकधी खरोखर सावलीबद्दलच बोलत असतो. त्याच्याबरोबर गच्चीवर जा आणि बघा.

५. ऐकलंत, आता प्रस्ताव बदला

श्रोता समजून घेणं म्हणजे तोच माल गोड शब्दांत गुंडाळणं, असा समज आहे. लोक तो तीन मिनिटांत ओळखतात. भेटींमधून जे कळलं त्यामुळे प्रस्तावातली किमान एक-दोन कलमं बदलली नसतील, तर भेटी वाया गेल्या.

वरच्या मजल्यासाठी: काम सुरू होण्याआधी वरच्या प्रत्येक घराच्या छताचे तारखेसह फोटो, सभासदाची सही घेऊन. स्लॅबला भोक न पाडण्याची अट. एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत विक्रेत्याची काही रक्कम राखून ठेवणं. आणि तक्रार आल्यापासून किती दिवसांत कमिटी बघायला येईल, ते लेखी. हे शेवटचं कलम काकूंसाठी आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही. शिवाय ते जुनं कठड्याचं भोक सभेच्या आधी बुजवा. सोलरशी त्याचा संबंध नाही, तरीही बुजवा.

गच्ची वापरणाऱ्यांसाठी: सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला तर खालून फिरता येतं, वाळवणाला कडेची जागा राहते. उंच सांगाड्याला खर्च जास्त येतो आणि वाऱ्याचा जोर जास्त बसतो, म्हणून त्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावं लागतं. ते नको असेल तर क्षमता कमी करून अर्धी गच्ची मोकळी ठेवा. बारा किलोवॉटचा पडलेला ठराव आठ किलोवॉटच्या मंजूर ठरावापेक्षा एकही युनिट जास्त देत नाही.

पेन्शनवाल्यांसाठी: वर्गणीचे हप्ते, किंवा बँकेचं कर्ज, किंवा विक्रेत्याने स्वतःच्या पैशाने यंत्रणा बसवायची आणि सोसायटीने फक्त युनिटमागे ठरलेला दर द्यायचा, असा करार. शेवटच्या पर्यायात बचत कमी होते आणि करार लांबलचक असतो, तो वकिलाला दाखवा. सिंकिंग फंडाला हात लावण्याची सूचना हमखास येईल. तो निधी उपविधींनी इमारतीच्या पुनर्बांधणी आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी राखलेला आहे. ऑडिटरला लेखी विचारल्याशिवाय सभेत त्याचं नावही काढू नका.

६. एका पानाचा हिशेब

आता कोटेशनं मागवा, बदललेल्या प्रस्तावाची. आणि सगळ्यांसाठी एकच पान बनवा. नमुना असा (किंमत आणि दर तुमच्या कोटेशनातून आणि बिलातून घ्या, इथले धरून चाललेले आहेत):

४० फ्लॅट, सामाईक वापर महिन्याला १,५०० युनिट. १० किलोवॉट यंत्रणा. किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला सुमारे १,२०० युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिल-मेमध्ये जास्त. कोटेशन समजा ६,५०,००० रुपये. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे १,८०,०००. निव्वळ खर्च ४,७०,०००. युनिटमागे ११ रुपये वाचतात असं धरलं तर महिन्याला १३,२०० रुपये, आणि खर्च वसूल व्हायला सुमारे तीन वर्षं.

हे झालं खजिनदाराच्या भाषेत. सभासदाला हवा असलेला आकडा यात कुठेच नाही. त्याला सांगा: "घरटी महिन्याला ३३० रुपये वाचतील."

आणि इथेच एक मोठी ठेच आहे. अनुदान यंत्रणा चालू होऊन तपासणी झाल्यावर जमा होतं. म्हणजे आधी घरटी ११,७५० नव्हे, १६,२५० रुपये उभे करावे लागतील. सभेत ११,७५० सांगून नंतर १६,२५०ची डिमांड काढलीत तर पुढचे पाच ठराव पडतील. दोन्ही आकडे त्याच पानावर, सारख्याच अक्षरात छापा. अनुदानासाठी देशी सेलचे पॅनल लागतात. कोटेशनं तुलनेला ठेवण्याआधी सगळ्यांत तेच धरलेले आहेत ना, ते बघा. अनुदानाचे नियम नोटीस काढायच्या आठवड्यात पोर्टलवर पुन्हा वाचून घ्या.

पानाच्या तळाशी, ठळक: "यामुळे तुमच्या घरातलं वीजबिल कमी होणार नाही. सोसायटीचं सामाईक बिल कमी होईल." निम्म्या सभासदांचा गैरसमज हाच असतो. तो गैरसमज तुमच्या फायद्याचा वाटतो म्हणून तसाच ठेवू नका, पहिल्या बिलाला तो उलटतो. त्याखाली पॅनल कोण धुणार, किती दिवसांनी, आणि इन्व्हर्टर (पॅनलची वीज वापरण्याजोगी करून देणारं यंत्र) पॅनलच्या आधी बदलावा लागेल, हेही लिहा. विरोधक हे सभेत सांगणारच आहेत. तुमच्या पानावर ते आधीच असू दे.

*इशारा:* माणसागणिक बोलण्याचा रोख बदलावा, वचन बदलू नये. वरच्या मजल्याला "उंच सांगाडा" आणि खजिनदाराला "स्वस्तातला आडवा सांगाडा" असं सांगितलंत तर दोघे लिफ्टमध्ये भेटतात.

७. कोणी बोलायचं

विक्रेत्याने नाही. तो सभेत असू दे, पण बाहेर, आणि तांत्रिक प्रश्न आला तरच आत. ज्याला विकायचंय त्याच्या तोंडचा खरा आकडाही लोकांना फुगवलेला वाटतो.

सेक्रेटरीने मुख्य बोलणं करणंही फारसं बरं नाही. त्याच्याकडे पार्किंगचे दंड आणि थकबाकीच्या नोटिसा यांचं जुनं ओझं असतं. प्रस्ताव मांडायला वरच्या मजल्यावरचा सभासद मिळाला तर अर्धं काम झालं. अनुमोदन तळमजल्यावरून घ्या. हे दोघे तयार होत नसतील तर सभा लावू नका, तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

८. नोटीस ते सभा

आदर्श उपविधींनुसार वार्षिक सर्वसाधारण सभेला १४ पूर्ण दिवसांची आणि विशेष सर्वसाधारण सभेला ५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. मी विशेष सभेच्या बाजूचा आहे. वार्षिक सभेत हिशेब, ऑडिट, कधी निवडणूक, आणि सगळ्यांचा वर्षभराचा राग. सोलर शेवटी येतं तेव्हा निम्मे लोक घरी गेलेले असतात. विषय विषयपत्रिकेत स्पष्ट लिहा. "ऐनवेळचे विषय" यात एवढा खर्च घुसवणं ही ठरावाला आव्हान देण्याची सोय करून देणं आहे.

नोटिशीबरोबर ते एक पान द्या, मराठीत, आणि गरज असेल तिथे हिंदी-इंग्रजीतही. बाहेर राहणाऱ्या मालकांना वेगळा मेसेज करा. त्यात चारच गोष्टी: काय, किती रुपये, कधी भरायचे, शंका कुणाला विचारायची.

ग्रुपवर चर्चा करू नका. कागद टाका आणि "शंका असल्यास शनिवारी सहा वाजता ऑफिसात" एवढंच लिहा. ग्रुपवर एकदा जाहीर विरोध केलेला माणूस सभेत मत बदलत नाही. त्याला मत पटलेलं असतं असं नाही, माघार घेताना लाज वाटते.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी असेल ते. कोरम न झाल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येते, आणि मग हजर असतील तेवढ्यांत कामकाज चालतं, हे सगळ्या कमिट्यांना पाठ असतं. पण नऊ जणांनी मंजूर केलेला साडेसहा लाखांचा ठराव नियमात बसला तरी वसुलीत बसत नाही. लोकांना आणा. आदल्या दिवशी फोन, वही बघून.

*तपासा:* वहीतल्या किती घरांबद्दल "माहीत नाही" लिहिलंय? ती संख्या विरोधकांपेक्षा मोठी असेल तर अजून एक रविवार फिरा.

९. सभेतला क्रम

विषय मांडताना सुरुवात बचतीने करू नका. सुरुवात ऐकलेल्या आक्षेपांनी करा, लोकांच्याच शब्दांत, नावं न घेता: "गळती झाली तर पुन्हा अर्ज लिहीत बसायचं का, असं काही जणांनी विचारलं." मग त्यावर प्रस्तावात केलेला बदल. खोलीतल्या माणसांना आपलं वाक्य ओळखू येतं. त्यानंतर पैशाचं पान, आधी भरायची रक्कम, मग बचत.

नंतर ज्यांचा ठाम विरोध माहीत आहे त्यांना आधी बोलू द्या. शेवटी बोलायला ठेवलंत तर त्यांचं म्हणणं ताजं असतानाच मतदान होतं. मध्ये तोडू नका. त्यांच्या सूचनेतलं काही घेण्यासारखं असेल तर तिथल्या तिथे ठरावात घाला आणि सूचना कुणाची ते इतिवृत्तात नोंदवा.

विषय लिफ्टच्या कंत्राटाकडे वळला की अध्यक्षांनी एकच वाक्य म्हणावं: "हे लिहून घेतलंय, या विषयानंतर घेऊ." आणि खरोखर घ्यावं.

ठरावाचा मसुदा आधीच तयार हवा, साधारण असा:

"असे ठरले की, सोसायटीच्या सामाईक वीजमीटरवर १० किलोवॉट क्षमतेची सौर यंत्रणा बसवावी. कर व उभारणीसह एकूण खर्च रु. ६,५०,००० पेक्षा अधिक होऊ नये. गच्चीच्या स्लॅबला छिद्र पाडू नये. गच्चीचा पूर्वेकडील भाग मोकळा ठेवावा. १० टक्के रक्कम एक पावसाळा पूर्ण होईपर्यंत राखून ठेवावी. गळतीची लेखी तक्रार आल्यास समितीने ७ दिवसांत पाहणी करून लेखी उत्तर द्यावे."

मसुदा मोठ्याने वाचा, मग हात वर. बाजूने, विरोधात, तटस्थ असे तिन्ही आकडे मोजून नोंदवा. "सर्वानुमते मंजूर" असं सवयीने लिहू नका. ज्याने विरोधात हात वर केला तो इतिवृत्त वाचणार आहे.

१०. त्यानंतर

मंजूर झाला तर छताचे फोटो पहिल्याच आठवड्यात घ्या. यंत्रणा चालू झाल्यावर दर महिन्याचं सामाईक बिल, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या बिलाशेजारी, नोटीस बोर्डावर लावा. जुलैचंही लावा, कमी असलं तरी.

पडला तर विरोधात गेलेल्यांकडे नको, तटस्थ राहिलेल्यांकडे जा. पंधरा दिवस जाऊ द्या, मग विचारा की सभेत कुठल्या क्षणी मन मागे गेलं. वहीचा शेवटचा रकाना पुन्हा भरायला घ्या. आणि त्या काळात वरच्या मजल्यावरून गळतीचा एखादा अर्ज आला, तर त्याला सात दिवसांत उत्तर द्या. ठराव नसला तरी.